आधी पुठ्ठा, मग शीट

अगं, काल रात्री तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, हे फोनवर भागायचं नाही, बसून लिहूनच पाठवावं. “ताई, मी बोर्डावर इतकं नीट काढते, तीन रंगांचे खडू वापरते, तरी पोरं कोऱ्या चेहऱ्यानं बघत बसतात. मग माना खाली घालून उतरवून घेतात. विचारलं तर एकालाही सांगता येत नाही,” असंच म्हणालीस ना? मग ऐक. सव्वीस वर्षं मी इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला ड्रॉइंग शिकवतेय. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही तुझ्यासारखीच बोर्डावर नक्षी काढत होते. तासाच्या शेवटी मागे होऊन स्वतःचंच चित्र बघायचे आणि खूश व्हायचे. त्या खुशीत पोरांचा काही वाटा नव्हता, हे कळायला फार वेळ लागला.

तुला कधी सांगितलं नाही, पण मला स्वतःला हा विषय फर्स्ट इयरला ओ की ठो कळला नव्हता. आमच्या सरांनी माझी प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्सची शीट अख्ख्या बॅचसमोर वर धरली आणि म्हणाले, “मुलींना हे दिसतच नाही.” मग काय, मी जीटीचा, म्हणजे ग्लास ट्रेसिंगचा रस्ता धरला. दोन खुर्च्यांवर काच, खाली शंभरचा बल्ब, काचेवर सीनियरची शीट आणि तिच्यावर माझी. रात्रभरात चार शीट्स. टर्म वर्कला चांगले मार्क पडले, डोक्यात शून्य. त्यामुळे तुझ्या वर्गातली पोरं जीटी मारतात म्हणून चिडू नकोस. ज्याला दिसत नाही, त्याला आपणच काचेकडे ढकललेलं असतं.

मला पहिल्यांदा ‘दिसलं’ ते कॉलेजात नाही, घरी. दिवाळीच्या सुट्टीत आई मशीनवर बसली होती आणि मी शेजारी तिची कात्री पळवत होते. ब्लाउजची बाही बेतताना ती कापडावर वरच्या कडेला तो डोंगरासारखा गोलवा काढते ना, तो मी जन्मभर बघत आले होते. त्या दिवशी एकदम लखकन डोक्यात आलं, की दंड गोल आहे, तो खांद्यापाशी तिरपा कापलाय, आणि ही त्याची उलगडून सपाट केलेली कड आहे! डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेसची अख्खी शीट आईच्या पाटावर पडली होती. एखादी नळी तिरपी कापून उलगडली की कड सरळ येत नाही, लाटेसारखी वळते. आईला ‘साइन कर्व्ह’ हा शब्द माहीत नव्हता, पण तिची बाही कधी ओढली गेली नाही.

म्हणून सांगते, ‘दिसतं’ किंवा ‘दिसत नाही’ ही जन्माची देणगी नव्हे. अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सॉर्बी नावाच्या प्राध्यापिका होत्या. त्यांना स्वतःला शिकताना ग्राफिक्स जड गेलं होतं, आणि हे त्या लपवत नाहीत. त्यांनी १९९३ पासून आपल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांची आधी एक चाचणी घेतली. एक ठोकळा फिरवला तर कसा दिसेल, एवढंच त्यात ओळखायचं असतं. ज्यांना कमी मार्क पडले त्यांच्यासाठी एक छोटा वेगळा कोर्स काढला. त्यात एकमेकांत अडकवायचे ठोकळे हातात द्यायचे आणि हातानं स्केच काढायला लावायचे. कमी मार्कवाल्यांत मुलींचं प्रमाण जास्त होतं, आणि तो कोर्स केलेल्या मुली इंजिनिअरिंग सोडून जायच्या कमी झाल्या. पुढे २०१३ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी असे २१७ अभ्यास एकत्र तपासले. ही नजर सरावानं वाढते आणि सराव थांबला तरी टिकते, असं त्यांतून निघालं. आता पुन्हा कुणी तुझ्यासमोर ‘मुलींना दिसत नाही’ म्हणालं, तर त्याला हे सांग. मला तेव्हा माहीत असतं तर मीही सांगितलं असतं.

आता तुझ्या पहिल्या तासाचं बोलू. बोर्ड, ड्राफ्टर, शीट, सगळं बाजूला. प्रत्येकाला जुन्या जर्नलचा पुठ्ठा आणायला सांग. तो मधोमध दुमडला की खालचा आडवा भाग एचपी (हॉरिझाँटल प्लेन), उभा भाग व्हीपी (व्हर्टिकल प्लेन) आणि घडीची ओळ म्हणजे एक्सवाय. पुठ्ठा काटकोनात उभा करायचा, त्यात वस्तू ठेवायची, वरून दिसेल ते खालच्या पुठ्ठ्यावर आणि समोरून दिसेल ते मागच्यावर काढायचं, वस्तू उचलायची आणि पुठ्ठा टेबलावर सपाट उघडायचा. झाली शीट! टॉप व्ह्यू खाली का आणि फ्रंट व्ह्यू वर का, हे मी पाच वर्षं ओरडून सांगत होते. पुठ्ठा उघडल्यावर कुणी विचारतच नाही. आपण भारतात फर्स्ट अँगल वापरतो, म्हणजे वस्तू तुमच्या आणि भिंतीच्या मधे. अमेरिकन कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये थर्ड अँगल असतो, म्हणजे मधे काच आणि पलीकडे वस्तू. त्यासाठी वर्गाच्या खिडकीच्या काचेवर मार्करनं बाहेरची पाण्याची टाकी काढायला लावायची. एवढ्यानं पुरतं.

रेषेसाठी उदबत्तीची काडी आण. जळून उरलेल्या काड्या तुमच्या देवघरात ढीगभर असतील. ८० मिलिमीटरचा तुकडा कापायचा, पुठ्ठ्यात तिरका धरायचा, आणि मोबाइलचा टॉर्च वरून मारायचा. सावली आखूड पडते. आता गप्प बसायचं. तुझ्यासाठी हेच सगळ्यात अवघड आहे, मला माहितेय. कुणीतरी म्हणेलच, “मॅडम, काडी तेवढीच आहे पण सावली लहान झाली.” ट्रू लेंग्थ आणि प्लॅन लेंग्थ हे दोन शब्द तेव्हा द्यायचे, आधी नाही. काडी जमिनीशी ३० अंशांत असेल तर टॉप व्ह्यूत तिची लांबी जवळजवळ ६९.३ मिलिमीटर येते, ६० अंशांत बरोबर ४०. पोरांनी पट्टीनं मोजू दे. टॉर्च जवळ असला की सावली फाकते आणि माप चुकतं, हेही त्यांचं त्यांनाच लक्षात येऊ दे. मग विचार, किरण समांतर हवेत तर कुठं जाऊ या? कुणीतरी ‘उन्हात’ म्हणेल, आणि अर्धा वर्ग लगेच दाराकडे निघेल.

उन्हाची आणखी एक गंमत आहे. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीस एकदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच गडप होते. एचपीला लंब असलेल्या रेषेचा टॉप व्ह्यू बिंदू असतो, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठंच दिसत नाही. मेमध्ये पोरं परीक्षेत आणि जुलैत आभाळ ढगांत, त्यामुळे सव्वीस वर्षांत मला हे वर्गासोबत एकदाच साधलंय. पण त्या बॅचला मी अजून आठवते.

आता सगळ्यांना छळणारं गणित घे. रेषा एचपीशी थीटा आणि व्हीपीशी फाय अंशांत. मी पहिल्यांदा मुद्दाम अशक्य गणित देते. काडी जमिनीशी ५० आणि भिंतीशी ६० अंशांत धरून दाखवा. पंधरा मिनिटं नुसता गोंधळ. कोनमापक लावतात, एकमेकांचे हात धरतात, “ए, तू हलवलीस!” म्हणून भांडतात. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणतं, “हे होतच नाहीये.” तेव्हा विचारायचं, का होत नाही? ४० आणि ५० होतंय का? होतं, पण मग काडी एक्सवायला लंब अशा उभ्या पातळीतच राहते, तिला डावी-उजवीकडे हलायला जागाच उरत नाही. दोन कोनांची बेरीज नव्वदच्या वर जाऊ शकत नाही, हा नियम पुस्तकात एका ओळीत छापलेला असतो आणि तिथून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. स्वतःच्या मनगटाला कळ लागून जो कळला, तो परीक्षेतही आठवतो.

सॉलिड्सला तर मी नाटकच करते. गणिताची भाषा इंग्रजी, वाक्य तीन ओळींचं, आणि आपली अर्धी पोरं मराठी माध्यमातून आलेली. त्यांची अडचण भूमितीची नसतेच, वाक्याची असते. तेव्हा चौघांच्या गटाला पुठ्ठ्याचा एक षट्कोनी पिरॅमिड द्यायचा. एकानं प्रश्न वाचायचा, दुसऱ्यानं वस्तू तशी ठेवायची, तिसऱ्यानं चूक काढायची, आणि चौथ्यानं हे सगळं मराठीत सांगायचं. “बुडाच्या एका कडेवर टेकलाय, कलंडलाय, आणि मग थोडा वळवलाय.” कलंडणं आणि वळणं या दोन क्रिया त्यांच्या तोंडून वेगळ्या निघाल्या की काम झालं. कारण त्या दोन क्रियांच्या मधेच सगळी मेख आहे.

हे जरा थांबून वाच. वस्तू कलंडवली की मी विचारते, “काय बदललं?” असं नाही, “काय बदललं नाही?” व्हीपीला समांतर राहून कलंडली असेल तर फ्रंट व्ह्यू तोच राहतो, नुसता तिरका होतो, आणि प्रत्येक बिंदूचं भिंतीपासूनचं अंतर जसंच्या तसं असतं. मग वस्तू जागेवर वळवली की टॉप व्ह्यू तोच राहतो, फक्त फिरतो, आणि प्रत्येक बिंदूची उंची तीच राहते. प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्स या धड्यात याच्यापलीकडे खरं काही नाही. आपण मात्र शिकवतो ‘पहिली स्टेप, दुसरी स्टेप, तिसरी स्टेप’, आणि पोरं स्टेप्स पाठ करतात. पोरांना बाकावरून उठवून हीच कवायत अंगानं करून घ्यायला लाजू नकोस. सरळ उभं राहा, कमरेतून वाक, आता वाकलेलाच वळ. शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावतील. डोकावू दे.

आणि गं, सेक्शनला मुळा! प्रत्येक गटाला एक जाडसर मुळा, एक गाजर. मुळा ४५ अंशांत कापायचा, कापलेला भाग स्टॅम्प पॅडवर दाबायचा आणि शीटवर ठसा उठवायचा. ती ट्रू शेप ऑफ सेक्शन. मुळा ४० मिलिमीटर जाड असेल तर लंबवर्तुळ ४० रुंद आणि साधारण ५६.६ लांब येतं. गाजराचं टोक शंकूसारखं. आडवं कापलं तर वर्तुळ, थोडं तिरकं कापलं तर लंबवर्तुळ, कडेला समांतर कापलं तर पॅराबोला. एका वर्षी तासाला मोजून दहा गाजरं नेली आणि सेक्शन काढायला चारच उरली. बाकीची कुठं गेली हे विचारायची गरज नव्हती, वर्गभर कडकड आवाज येत होता. तेव्हापासून मी जास्तीची नेते.

उलगडून दाखवायला भेळेचा कागदी पुडा घे. शंकू उलगडला की वर्तुळाचा तुकडा निघतो. बुडाची त्रिज्या ३० आणि तिरकी उंची ९० असेल तर तो १२० अंशांचा, बरोबर तिसरा हिस्सा. जमलं तर एकदा पत्र्याचं काम करणाऱ्या दुकानात घेऊन जा. पिठाच्या गिरणीत दळण ओततात तो वर चौकोनी आणि खाली निमुळता पत्रा कारागीर सपाट पत्र्यावर कसा आखतो, ते बघून आमची पोरं गप्प झाली होती. त्यानं एकाही पोराला बोलू दिलं नाही आणि एकदाही खोडलं नाही.

हे सगळं हातानं, वस्तूंनी, हे काही माझं शहाणपण नाही. ज्यानं हा विषय उभा केला तो गास्पार मोंज फेरीवाल्याचा मुलगा. फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी शाळेत १७६५ च्या सुमारास तो दाखल झाला, पण घराणं साधं म्हणून त्याला अधिकाऱ्यांच्या वर्गात घेतलं नाही. नकाशे आणि प्लॅस्टरचे नमुने करणाऱ्या विभागात बसवलं. किल्ल्याची भिंत किती उंच हवी म्हणजे समोरच्या टेकडीवरून मारा लागणार नाही, याचं लांबलचक अंकगणित त्यानं दोन चित्रांत सोडवलं. इतक्या लवकर उत्तर निघूच शकत नाही म्हणून वरिष्ठ आधी बघायलाच तयार होईनात. मग मात्र लष्करानं ती पद्धत वर्षानुवर्षं गुपित ठेवली. क्रांतीनंतर १७९५ मध्ये पॅरिसला त्यानं ती उघडपणे शिकवली. तिथल्या नव्या पॉलिटेक्निक शाळेत मुलांचे छोटे गट पाडून प्रत्येक गटावर एक जरा पुढे गेलेला विद्यार्थी नेमायची पद्धत होती. म्हणजे तू सेकंड इयरच्या दोन पोरींना तुझ्या बॅचला मदतीला बसवलंस, तर ती सव्वादोनशे वर्षांपूर्वीचीच पद्धत. एचओडींनी विचारलं तर असं सांगता येईल.

मोंजचा चेला तेओदोर ऑलिव्हिए याच्यापुढेही गेला. पितळी चौकटींत रेशमी दोरे ताणून त्यानं हलणारे नमुने केले. चौकट फिरवली की दोरे सरळच राहतात, पण त्यांनी झाकलेला पृष्ठभाग वळत जातो. ते नमुने पॅरिसच्या संग्रहालयात आणि अमेरिकेतल्या युनियन कॉलेजात जपून ठेवलेत. तू मात्र भरतकामाच्या दोन रिंगा घे, एकीला बारा-सोळा दोरे बांध, दुसऱ्या टोकांना खाली दुसरी रिंग लाव, आणि खालची रिंग हळूहळू वळव. दंडगोलाची कंबर बारीक होत जाते. वेताचं डमरूसारखं स्टूल आजीकडे होतं ना, तेच! सगळ्या काड्या सरळ आणि आकार मात्र वळणदार. हे अभ्यासक्रमात नाही, तरी दाखव. परीक्षेत नसलेलं एखादं काहीतरी त्यांना दिसायलाच हवं.

आता कॉम्प्युटरचं. तुझ्या कॉलेजात लॅब चांगली आहे, आणि एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमापासून विषयाच्या नावातच ‘डिझाइन’ आलंय, त्यामुळे सॉफ्टवेअर सुटणार नाही, सुटूही नये. जिओजेब्रा तर फुकट आहे, पोरांच्या मोबाइलवर चालतं. माझी एकच अट असते. माऊस फिरवायच्या आधी अंदाज सांगायचा. स्क्रीनवर ठोकळा गरागरा फिरतो, पोरं ‘वा’ म्हणतात, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात काहीच फिरत नाही. म्हणून मी स्क्रीनवर चार उत्तरं दाखवते आणि बोटं वर करायला लावते. एक, दोन, तीन की चार. मग लगेच बरोबर उत्तर सांगत नाही. “शेजाऱ्याला पटवा,” म्हणते. दोन मिनिटांनी पुन्हा बोटं. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी भौतिकशास्त्रात ही रीत रुळवली. मला आवडते कारण शेजारी ज्या शब्दांत समजावतो ते शब्द मला सुचतच नाहीत. एकदा एक पोरगा म्हणाला, “अरे, पोळी लाटताना वरून बघतोस ना, तसं.” संपलं.

आणि घरी करायला हे कोडं दे. असा एकच तुकडा करा, जो समोरून चौकोन, वरून गोल आणि बाजूनं त्रिकोण दिसेल. कपड्याच्या साबणाचा बार आणि सुरी पुरे. आधी उंची आणि जाडी सारखी असलेला दंडगोल करायचा. मग माथ्याच्या एका व्यासापासून खाली बुडाच्या दोन्ही कडांपर्यंत दोन तिरके काप द्यायचे. उत्तर तू सांगू नकोस हं. तीन दिवस साबणाचा चुरा होऊ दे.

मार्कांचं काय, हे विचारशीलच. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये पहिला अर्धा तास या सगळ्याला आणि उरलेला शीटला. सिलॅबस मागे पडेल ही भीती मलाही होती. पहिल्या महिन्यात पडतो मागे, पुढे भरून निघतो, कारण एकच गोष्ट चारदा सांगावी लागत नाही. जीटी मोडायला साधी युक्ती आहे. प्रत्येकाच्या गणितात माप त्याच्या रोल नंबरवर ठेव, अक्षाची लांबी पन्नास अधिक रोल नंबर. सीनियरची शीट काचेवर ठेवून उपयोग होत नाही. ओरलला ड्रॉइंगवरचे प्रश्न विचारू नकोस. पिशवीत एक वस्तू घाल, हात घालून चाचपायला सांग आणि न बघता तीन व्ह्यूज काढायला लाव. नळाचा नट ठेव, खोडरबर ठेव. माझ्याकडे आजवर सगळ्यात छान व्ह्यूज एका अशा मुलानं काढले, ज्याच्या शीट्स जर्नलमध्ये कायम मळलेल्या असायच्या. त्याला स्वच्छतेचे मार्क मी थोडे कापले, ते आता कापले नसते.

सगळं पहिल्याच आठवड्यात करायला जाऊ नकोस, दमशील आणि वैतागून पुन्हा रंगीत खडूंकडे जाशील. सोमवारी फक्त पुठ्ठा आणि काडी. मुळे गुरुवारच्या बॅचला, आणि मंडईतून घेताना जाड बघून घे, बारीक मुळ्याचा ठसा नीट उठत नाही. सुरी माझ्याकडून घेऊन जा. आणि सोमवारी तास झाला की फोन कर. किती बोललीस ते नको सांगूस, पोरं काय काय बोलली ते सांग.